जुळ्या कोकरांचा वारसा

दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळं झालं तर मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे तळावर, त्याची चर्चा होते, इतकं ते क्वचित घडतं. पारनेर, संगमनेर, नगर या तालुक्यांतल्या माळरानांवर पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे. दख्खनी मेंढीचे जे पोटप्रकार मानले जातात, त्यांतल्या एकाचं नावच 'संगमनेरी' आहे. लोणंद, सोलापुरी, कोल्हापुरी आणि माडग्याळ हे तिचे भाऊबंद. २०१९च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. दिवाळी झाली की नगर जिल्ह्यातले कितीतरी वाडे घाट उतरून कोकणात जातात, शेतांत मेंढरं बसवतात आणि पावसाच्या आधी परत वर येतात. लोकरीला आता भाव राहिलेला नाही. घोंगडी विणणारे हात कमी झाले. मेंढपाळाचं घर चालतं ते कोकरं विकून, आणि म्हणून मेंढीला एक कोकरू होतं की दोन, हा प्रश्न त्याच्या पोटाशी बांधलेला आहे.

सातारा जिल्ह्यात फलटणला अशा मेंढ्या आहेत, ज्या दिसायला बऱ्याचशा दख्खनीसारख्या, अंगानंही तशाच, पण जुळं देणं ही त्यांची रोजची गोष्ट. क्वचित तिळंही होतं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे 'नारी'नं, ही मेंढी तयार केली आणि तिला 'नारी सुवर्णा' हे नाव दिलं. तिच्यात आणि साध्या दख्खनी मेंढीत जो फरक आहे, त्याचं मूळ एका जनुकातल्या एकाच जागी झालेल्या बदलात आहे. मेंढीच्या एका बीजपेशीत डीएनएची अडीचशे कोटींहून अधिक अक्षरं असतात. त्यांतलं एक अक्षर बदललेलं आहे. जिथे 'ए' हवा तिथे 'जी' आहे. बस, इतकंच.

अशा बदलाला जीवशास्त्रात उत्परिवर्तन म्हणतात, बोलताना सगळे म्युटेशन म्हणतात. हा शब्द ऐकला की मनात व्यंग, कर्करोग, किरणोत्सर्ग असलंच काही येतं. ते चूक नाही, पण फार अपुरं आहे. बदल होणं ही सजीवांच्या घरातली नित्याची घटना आहे. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करते आणि नक्कल करताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, काही राहून जातात. माणसाच्या प्रत्येक बाळात आईकडेही नाहीत आणि वडिलांकडेही नाहीत असे साधारण साठ-सत्तर नवे बदल असतात. त्यांतले बहुतेक कशालाच बाधत नाहीत. या नव्या बदलांतला मोठा वाटा वडिलांकडून येतो, कारण पुरुषाच्या शुक्रपेशी आयुष्यभर तयार होत राहतात आणि प्रत्येक वेळी नक्कल होते. वडिलांचं वय वाढतं तसे हे बदलही वाढतात.

आता पहिला मुद्दा, जो नीट समजला नाही तर पुढचं काहीच समजत नाही. बदल शरीरात कुठे झाला यावर तो पुढच्या पिढीत जाणार की नाही हे ठरतं. मेंढीच्या कातडीच्या पेशीत बदल झाला, तिथे गाठ आली, तर ती गाठ त्या मेंढीबरोबर संपते. कोकराला ती मिळत नाही. कोकरू ज्या अंडपेशीतून आणि शुक्रपेशीतून घडतं, त्या बीजपेशींपर्यंत कातडीतली बातमी पोचण्याचा रस्ताच नाही. मेंढपाळ ओळखीसाठी मेंढरांचे कान कापतात, खाचा पाडतात. शेकडो वर्षं हे चाललं आहे, पण कापलेल्या कानाचं कोकरू कधी जन्माला आलं नाही. ऑगस्ट वाइझमान या जर्मन शास्त्रज्ञानं १८८०च्या दशकात पिढ्यामागून पिढ्या उंदरांच्या शेपट्या छाटून हेच दाखवलं. प्रत्येक पिढीची पिल्लं पूर्ण शेपटीची निपजली. आपल्या धनगरांच्या वाड्यावर हा प्रयोग त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता, फक्त त्याची नोंद कुणी केली नाही.

बदल बीजपेशीत झाला तर मात्र गोष्ट उलटी. त्या एका अंडपेशीतून किंवा शुक्रपेशीतून जे कोकरू घडेल, त्याच्या प्रत्येक पेशीत तो बदल असेल, त्याच्या स्वतःच्या बीजपेशींतही. मग तो पुढे जाऊ शकतो, आणि जात राहू शकतो.

मेंढीचा जुळ्यांचा बदल असाच कधीतरी, आशियात कुठल्या तरी एका मेंढीच्या किंवा मेंढ्याच्या बीजपेशीत झाला. पश्चिम बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल मेंढीत तो आज सर्रास सापडतो. गरोल ही इवलीशी मेंढी. तिचं वजन दहा ते पंधरा किलोच्या घरात. दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. दोन-तीन कोकरं देणं तिला नवं नाही. १७९२-९३ या वर्षांत कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या जहाजांत बंगालच्या मेंढ्याही होत्या. ऑस्ट्रेलियाची इंग्रज वसाहत तेव्हा नुकतीच वसत होती आणि तिथे खायला मांस हवं होतं. पुढे स्पेनकडची मेरिनो आली, लोकरीचा जमाना आला, बंगालच्या बुटक्या मेंढ्या त्या कळपांत मिसळून दिसेनाशा झाल्या. कुणाला त्यांची आठवणही राहिली नाही.

मग विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यू साउथ वेल्समधल्या 'बूरूला' नावाच्या एका मेंढीफार्मवर सीअर्स बंधूंच्या लक्षात आलं की आपल्या काही मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देतात. त्यांनी त्या राखल्या, त्यांचीच पैदास वाढवली. १९५८ साली त्यांनी पाच भावंडांत जन्मलेला एक मेंढा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला, सीएसआयआरओला, दिला. हेलन न्यूटन टर्नर या जनुकतज्ज्ञ बाईंनी त्या वंशाचा अभ्यास केला. १९८०च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांना आकड्यांवरून कळून चुकलं की हा एकाच मोठ्या जनुकाचा खेळ दिसतो. २००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी तो बदल नेमका शोधला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या 'बीएमपीआर-वन-बी' या जनुकात तो होता. त्यानंतर वर्षभरातच बंगालच्या गरोल मेंढीची तपासणी झाली आणि तिच्यात तोच बदल, त्याच जागी, त्याच अक्षरावर सापडला. दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजांच्या नोंदींना मेंढीच्या रक्तानं साक्ष दिली.

या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग इथे आहे. बूरूला मेरिनो ही दिसायला पूर्ण मेरिनो. बंगालच्या मेंढीचा बुटकेपणा, तिची भरड लोकर, दलदलीत चरण्याची सवय, सगळं पिढ्यांमागून पिढ्या पातळ होत गेलं. पण जुळ्यांचा बदल तसूभरही पातळ झाला नाही. दोनशे वर्षांनंतर तो जसाच्या तसा होता. आपल्याकडे 'रक्त' म्हणतात तेव्हा आपण मनात दुधात पाणी मिसळल्यासारखं चित्र धरतो. अर्धं आईचं, अर्धं बापाचं, मग पुढे पाव, अष्टमांश. एकेका जनुकाच्या बाबतीत हे चित्र साफ खोटं आहे. आजीची नथ जशी एका नातीला पूर्ण मिळते आणि दुसरीला अजिबात मिळत नाही, तिचे तुकडे करून वाटत नाहीत, तसं जनुकाचं आहे. मिळतं तेव्हा अख्खं मिळतं. नाही तर मिळतच नाही.

याचं कारण गुणसूत्रांच्या जोड्यांत आहे. मेंढीला ५४ गुणसूत्रं, म्हणजे २७ जोड्या. माणसाला ४६, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून, एक वडिलांकडून. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. बीजपेशी बनताना मात्र जोडी फुटते आणि प्रत्येक बीजपेशीत दोनांतली एकच प्रत जाते. कुठली जाईल हे निव्वळ योगायोगावर. समजा एका मेंढ्याकडे एक प्रत बदललेली आहे आणि एक साधी. त्याच्या निम्म्या शुक्रपेशींत बदललेली प्रत असणार, निम्म्यांत साधी. तो साध्या दख्खनी मेंढीवर सोडला तर प्रत्येक कोकराला बदल मिळण्याची शक्यता निम्मी. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळणारच. आणि एकेक प्रत असलेला मेंढा आणि मेंढी एकत्र आले, तर कोकराला दोन्ही बदललेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक, एक प्रत मिळण्याची चारांत दोन, आणि एकही न मिळण्याची चारांत एक.

ही शक्यता आहे, वाटणीचा करार नाही, हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण शिकलेली माणसंही इथे घसरतात. चारांत एक म्हणजे 'पहिल्या कोकराला मिळालं, आता पुढची तीन सुटली' असं नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्यानं सुरू होतो. मागच्या वेताला काय झालं याची पुढच्या वेताला खबर नसते. सलग चारही कोकरांना बदल मिळू शकतो, आणि सलग चारही कोरी निघू शकतात.

हे नियम ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्यांवरून काढले आणि १८६६ साली छापले, हे शाळेत शिकवतात. त्या वाटाण्यांच्या मागे मेंढ्या उभ्या होत्या, हे फारसं शिकवत नाहीत. मेंडेल ज्या ब्र्नो शहरातल्या मठात होता, ते शहर त्या काळी लोकरीच्या कापडाचं मोठं केंद्र होतं आणि तिथे मेंढीपालकांची संघटना होती. हंगेरीतल्या इम्रे फेस्टेटिक्स या सरदारानं मेंढ्यांच्या पैदाशीवरून १८१९ सालीच आनुवंशिकतेचे नियम मांडले होते. १८३७च्या सुमारास मेंढीपालकांच्या चर्चेत मठाचे प्रमुख सिरिल नाप यांनी मुद्दा मांडला की पैदास कशी करावी यापेक्षा, वारशानं नेमकं काय उतरतं आणि कसं उतरतं, हा खरा प्रश्न आहे. पुढे १८४३ साली याच नाप यांच्या मठात मेंडेल दाखल झाला. म्हणजे सगळ्या आनुवंशिकताशास्त्राला जो प्रश्न सापडला, तो मेंढपाळांचा प्रश्न होता. मेंढी राखणाऱ्या माणसाला 'अडाणी' समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जुळ्यांच्या या बदलानं मेंढीच्या अंगात काय होतं? मेंढी माजावर येते तेव्हा तिच्या अंडाशयात अनेक पुटिका वाढू लागतात. प्रत्येक पुटिकेत एक अंडपेशी. साध्या मेंढीत त्यांतली एक पुढे जाते, बाकीच्या मागे पडून विरतात. वाढायचं कधी, थांबायचं कधी, हे निरोप अंडपेशी आणि तिच्या भोवतालच्या पेशी एकमेकींना देत असतात. 'बीएमपीआर-वन-बी' हे जनुक जे प्रथिन बनवतं, ते असा निरोप घेणारं आहे. एका अक्षराच्या बदलामुळे त्या प्रथिनातलं ग्लुटामिन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे आर्जिनिन येतं. निरोप थोडा मंद ऐकू येतो. मग पुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एकीऐवजी दोन-तीन अंडपेशी सुटतात. जुळं होतं ते असं. नर कोकराकडे हा बदल असला तरी त्याला अंडाशय नाही, त्यामुळे त्याच्यात काहीच दिसत नाही. तो बदल वाहून नेतो आणि लेकींना देतो. मेंढ्याच्या अंगाकडे, शिंगांकडे, चालीकडे पाहून हे ओळखणारा जाणकार कुठेही नाही आणि असूही शकत नाही.

इथे आपल्या मेंढपाळांच्या निवडीचा एक पैलू येतो, जो मला फार विचार करायला लावतो. पैदाशीसाठी मेंढा राखताना साहजिकच अंगानं मोठा, भरलेला, जोरदार असाच राखतात. पण मोठा कोण होतो? जे कोकरू एकटं जन्मलं आणि ज्यानं आईचं सगळं दूध एकट्यानं प्यायलं, ते. जुळ्यातलं कोकरू वाटून घेतलेल्या दुधावर वाढतं, सुरुवातीला लहानच दिसतं आणि बाजारात आधी जातं. म्हणजे एखाद्या कळपात जुळ्यांचा गुण कधी उगवलाच, तरी दिसण्यावरून केलेली निवड तो आपोआप बाहेर काढत राहते. इथे मेंढपाळाला दोष देता येत नाही. त्याच्या हातात डोळ्यांशिवाय दुसरं साधन नव्हतं.

ते साधन फलटणला आलं. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली 'नारी' स्थापन केली आणि १९९०च्या दशकात संस्थेनं सुंदरबनातून गरोल मेंढ्या आणल्या. बनबिहारींच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात पशुजननशास्त्राचा अभ्यास करून हे काम पुढे नेलं. (त्या इरावती कर्वे यांच्या नात. आजीनं डेक्कन कॉलेजात बसून महाराष्ट्रातल्या माणसांच्या कुळांचा, जातींचा, नात्यांचा शोध घेतला. नातीनं मेंढ्यांच्या वंशाचा घेतला.) पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं डीएनए चाचणीची बाजू सांभाळली, ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन साहाय्यातून निधी आला. गावातल्या मेंढपाळांच्या कळपांत हे मेंढे सोडून, तिथे काय होतं ते पाहून, पुढची पावलं ठरवली गेली. मला या कामाचं मोल वाटतं ते त्या शेवटच्या गोष्टीसाठी. प्रयोगशाळेच्या गोठ्यात जुळं होणं वेगळं, आणि रोज काही कोस चालणाऱ्या खिल्लारात ते जगणं वेगळं.

काम करण्याची रीत सरळ होती, पण चिकाटीची. गरोल मेंढा आणि दख्खनी मेंढी यांचं कोकरू अर्धं गरोल. त्याला बदल मिळाला, पण आकारही गरोलचा मिळाला, म्हणजे छोटा. बाजारात वजनावर पैसे मिळतात, तिथे असं कोकरू कुणी घेणार नाही. म्हणून ते पुन्हा दख्खनीशी जोडायचं. मांसासाठी नावाजलेल्या कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचाही उपयोग केला गेला. पुढच्या पिढीत गरोलचा वाटा पाव, मग अष्टमांश, मग सोळावा हिस्सा. पण प्रत्येक पिढीत निम्म्या कोकरांकडेच बदल असणार. कोणत्या निम्म्या? इथे रक्ताचा थेंब आणि चाचणी. ज्यांच्याकडे बदल आहे तीच पुढे राखायची. अशा रीतीनं गरोलचं बाकी सगळं सोडत जायचं आणि तेवढं एक जनुक धरून ठेवायचं. जे ऑस्ट्रेलियात दोनशे वर्षांत नकळत घडलं, ते इथे काही वर्षांत जाणूनबुजून घडवलं. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संस्थेनंही गरोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून 'अविशान' ही मेंढी याच बदलाच्या जोरावर उभी केली.

सगळेच गुण मात्र असे एका जनुकाचे नसतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' गाय नगर जिल्ह्याला ठाऊक आहे. होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि गीर अशा तिघींचा संकर. तिच्या दुधाचा हिशेब असा एका जनुकावर लावता येत नाही. दूध, उंची, वजन हे गुण शेकडो-हजारो जनुकांच्या लहान-लहान वाट्यांनी बनतात, त्यामुळे तिथे खरोखरच सगळं मिसळल्यासारखं दिसतं. आतमध्ये मात्र प्रत्येक जनुक आपलं अख्खेपण राखूनच असतं. 'अमुक गुणाचं जनुक सापडलं' अशी बातमी वाचाल तेव्हा आधी विचारा की हा गुण मेंढीच्या जुळ्यांसारखा आहे की गायीच्या दुधासारखा. बहुतेक गुण दुधासारखे असतात.

आता मेंढीला जुळ्यांच्या बदलाची एक प्रत बरी की दोन? दख्खनी रक्ताच्या मेंढीत एक प्रत आली की दर वेताला सरासरी दीडेक कोकरं होतात, म्हणजे बऱ्याच वेतांत जुळं, बाकीच्यांत एक. दुसऱ्या प्रतीनं आणखी थोडीच भर पडते, पण तिळ्यांचं प्रमाण वाढतं. आणि तिळं हे माळावर वरदान नव्हे. दख्खनी मेंढीला दूध बेताचं. उन्हाळ्यात चारा नाही, पाण्यासाठी चालणं, रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून उघड्यावर मुक्काम. तीन अशक्त कोकरांतली दोन दगावली तर मेंढपाळाच्या हाती एकच उरतं आणि मेंढीही खंगते. म्हणून माळावरच्या कळपात मेंढीकडे एक प्रत असणंच शहाणपणाचं. सुंदरबनात गरोल दोन प्रती घेऊन सुखानं नांदते, तिथे बारमाही हिरवं आहे आणि तिची कोकरं मुळातच लहान. तोच बदल, तेच अक्षर. एका मुलखात भरभराट, दुसऱ्यात जास्त झाला तर ओझं. उत्परिवर्तन चांगलं की वाईट, हे डीएनए वाचून कळत नाही. ते कुठल्या जमिनीवर, कुठल्या पोटात, किती प्रतींत आलं आहे यावर ठरतं.

माणसात याचं सगळ्यात ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, अमरावती या भागांत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तिथेही एकच अक्षर बदललेलं. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात 'जीएजी'चं 'जीटीजी' झालं, हिमोग्लोबिनच्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं. एक प्रत असेल तर माणूस बहुधा निरोगी असतो, इतकंच नव्हे, लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या मुलखांत हा बदल टिकला आणि वाढला. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं असह्य दुखतात, रक्त उतरतं, मूल सारखं आजारी पडतं. दोन वाहक नवरा-बायकोच्या प्रत्येक बाळाला हा धोका चारांत एक. मेंढ्यांचाच हिशेब, पण इथे हिशेबाच्या जागी मूल आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचा गाभा हाच की वाहक कोण आहे ते रक्त तपासून आधी कळावं. वाहक असणं हा आजार नाही, कलंक तर मुळीच नाही. आणि अशा मुलाच्या जन्मानंतर घरात एकट्या आईला बोल लावला जातो, तो सरळ अन्याय आहे. दोन बदललेल्या प्रतींतली एक बापाकडूनच आलेली असते.

याच संदर्भात आपल्याकडच्या मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या रीतीबद्दल बोलायला हवं. धनगर समाजातच नव्हे, महाराष्ट्रातल्या अनेक जातींत ती होती, काही ठिकाणी अजून आहे. प्रत्येक माणसाकडे काही बिघडलेल्या प्रती असतातच. दुसरी प्रत धड असते म्हणून त्या दिसत नाहीत. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात, कारण आजी-आजोबा एकच. त्यांचं लग्न झालं तर त्याच आजीकडची किंवा आजोबांकडची तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी फिरून बाळात एकत्र येण्याची शक्यता वाढते. प्रत्येक अशा लग्नातून आजारी मूल होतं असं नाही, बहुतेक मुलं धडधाकटच असतात. पण ज्या घरात एखादा आनुवंशिक आजार आधी दिसलेला आहे, तिथे नात्यात लग्न करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला न घेणं हे मुलांच्या जिवाशी खेळणं आहे.

कळपातही हेच. एकच मेंढा वर्षानुवर्षं ठेवला की तो आपल्या लेकींवर, नातींवर जातो आणि कळपात लपलेले दोष उघडे पडू लागतात. कोकरं बारकी होतात, मरतूक वाढते, आणि दोष मात्र चाऱ्याला किंवा कुणाच्या नजरेला दिला जातो.

ज्या नगर जिल्ह्याला आज अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे, त्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली एका धनगर घरात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या नावाचे फलक लावताना आजच्या मेंढपाळाला या शतकाचं ज्ञान मिळतं आहे का, हेही पाहायला हवं. आणि मेंढपाळ बंधू-भगिनींना सांगणं एवढंच. पुढच्या वेळी पैदाशीसाठी मेंढा घ्याल तेव्हा त्याचं अंग जरूर बघा, पण त्याची आई किती कोकरं द्यायची हेही विचारा. जुळ्यांचा गुण सांगून कुणी मेंढा विकत असेल तर डीएनए चाचणीचा कागद मागा आणि त्यावर एक प्रत लिहिली आहे की दोन, ते वाचून घ्या. कळपात त्या गुणाच्या मेंढ्या आधीच असतील तर त्यांच्यावर साधा मेंढा सोडा. जुळं झालं की आईला जादा खुराक द्या आणि निदान पहिले काही आठवडे तिला लांबच्या चालीवर नेऊ नका. आणि मेंढा कितीही आवडता असो, दोन वर्षांनी बदला.